नगाऱ्याची किल्ली आणि टिपऱ्या: अणुबाँबपासून पळून पिंपळगाव रेणुकाईला

अठ्ठावन्न सालच्या एप्रिलात जालन्याच्या वाचनालयात ते वर्तमानपत्र माझ्या हाती आले, तेव्हा त्याच्यावर कुणाचा तरी चहा सांडलेला होता. डाग सोडून उरलेली बातमी अशी होती: अमेरिकेची विमाने अणुबाँब पोटात घेऊन रशियाच्या दिशेने निघतात आणि वाटेतून परत येतात. एकदा नव्हे, बऱ्याचदा. कारण काय, तर रडारच्या पडद्यावर ठिपके दिसतात. ठिपके म्हणजे शत्रू असे समजून विमाने सुटतात. मग ते ठिपके उल्कांचे निघतात, किंवा यंत्राच्याच खोडीचे, आणि विमाने घरी येतात. ठरलेल्या जागेपुढे दुसरा हुकूम आल्याशिवाय जायचे नाही असा नियम आहे, तेव्हा कुणी काळजी करू नये, असे अमेरिकेचे म्हणणे होते. रशियाने काळजी करून राष्ट्रांच्या मोठ्या सभेत तक्रार नेली होती.

मी काळजी करणाऱ्यांच्या बाजूचा. मी जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर बसतो. आमच्या जिनात कापूस छतापर्यंत भरलेला असतो आणि कामगार आडोशाला बिडी ओढतात. जालन्याला अणुबाँबची गरजच नाही, एक जळती काडी पुरे, हे मला कळते. तरीही स्टेशन, जिनिंग आणि बाजार एकाच ठिकाणी असलेले गाव शत्रूच्या नकाशावर आधी येणार, हा विचार काही सुटेना. एवढ्यात दत्तूमामांचा निरोप आला. शनिवारी शेजारच्या धावडा गावचे पाहुणे सुभद्रेला बघायला येणार, जालन्याहून कुणीतरी वाचता-बोलता येणारे पाठवा. आईचे गुडघे दुखत होते. मी लगेच तयार झालो. मामेबहिणीच्या लग्नासाठी इतका तत्पर भाऊ गल्लीत दुसरा नव्हता.

आता ज्यांना त्या बाजूला जायचे असेल त्यांच्यासाठी. भोकरदनची मोटार सकाळी लवकर धरावी. उशिरा धरली तर तीच मोटार मिळते, फक्त ऊन वाढलेले असते. तोंडाला बांधायला पंचा ठेवावा, कारण रस्ता अर्धा जमिनीवर आणि अर्धा हवेत असतो. भाडे नव्या पैशांत सांगतात, लोक ते आण्यांत ऐकतात, आणि कंडक्टर व प्रवासी यांचा वाद राजूरपर्यंत पुरतो. राजूरला गणपतीच्या टेकडीखाली मोटार थांबते. तिथली भजी गरम असतात तोवर चांगली लागतात. चहा मात्र देवाला भिऊन प्यावा.

माझ्याशेजारी भोकरदनचा एक मिरचीचा व्यापारी बसला होता. मी त्याला विमानांची बातमी सांगितली.

"मंग आपून काय करायचं म्हणता?" त्याने विचारले.

"सावध राहायचं."

"सावध राहून काय करायचं?"

हे वर्तमानपत्रात दिलेले नव्हते. तो झोपला, आणि त्याचे मिरचीचे पोते माझ्या अंगावर रेलले. भोकरदनपर्यंत मी शिंकत होतो.

भोकरदनला खाणावळीत भाकरी, पिठले आणि ठेचा मिळतो. भाकरी मोठी आणि मालक बोलका. त्याने बातमी ऐकून "बिलकुल बराबर हाय" असा निकाल दिला आणि कांदा मोफत दिला. पुढे पिंपळगावापर्यंत बैलगाडी. गाडीवाल्याला आधी विचारावे की बैल रस्ता ओळखतात का. माझ्या गाडीवाल्याला झोप येत होती, पण बैल ओळखत होते, म्हणून आम्ही दिवस मावळायच्या आत पोहोचलो.

पिंपळगाव रेणुकाईला देवीचे देऊळ आहे, काळीभोर जमीन आहे आणि गावाच्या कडेला एक पडकी गढी आहे. तिचा एकच बुरूज शाबूत, आणि तो दत्तूमामांच्या अंगणाला लागून. या बुरुजावर गावाची सतर्कता अवलंबून असते. ही व्यवस्था मला मामांनीच त्या संध्याकाळी पारावर समजावून सांगितली. मी ती जशीच्या तशी देतो, कारण मोठ्या राष्ट्रांकडे याहून वेगळे काही असेल असे मला वाटत नाही.

निजामाच्या शेवटच्या दिवसांत रझाकारांची धामधूम होती, तेव्हा गावाने तीन खुणा ठरवल्या. पहिली, बुरुजावर पांढरे निशाण: डोळे उघडे ठेवा. दुसरी, कडब्यावर ओला पाला टाकून केलेला धूर: बायामुले गढीत, गडी गोफणी घेऊन वेशीवर. तिसरी, देवळातला नगारा: मारा. नगारा वाजेपर्यंत गोफणीतून एक खडाही सुटता कामा नये, हा कडक नियम. धावड्यानेही हेच केले. मधल्या टेकडीवर त्यांचा राखण्या बसे. एकाने निशाण लावले की दुसऱ्यानेही लावायचे आणि मदतीला निघायचे, असा दोन्ही गावांचा करार.

"मंग एकदा काय झालं," मामा म्हणाले, "पाटलाच्या चुलत्यानं धुरळा पाह्यला आन् एकट्यानंच नगारा ठोकला. गोफणी सुटल्या. धुरळ्यात आपलीच गुरं! माझ्या बापाचा बैल डोळ्यानं गेला."

तेव्हापासून पंचांनी नगाऱ्याची खोली कुलुपात टाकली. किल्ली पाटलांच्या घरी आणि नगाऱ्याच्या टिपऱ्या मामांच्या घरी. दोघांनी मिळून यायचे, दोघांना पटले तरच वाजवायचे. उत्तम योजना. फक्त पुढे बांधावरून भांडण झाले आणि गणपतराव पाटील व दत्तूमामा यांचे बोलणे बंद पडले, ते आजतागायत.

"पण मामा, पोलीस ॲक्शनला दहा वर्षं होत आली. रझाकार गेले. निजाम गेला. आता बुरुजावर कोण बसतं?"

"कोंडिबा."

"कशाला?"

मामांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिले. "त्याला सुगीला गावाकडून ज्वारी मिळती. बसंल न्हाई तर मिळंल कशी?"

धोका आला हे सांगायच्या तीन खुणा होत्या. धोका टळला हे सांगायची एकही नव्हती. ती ठरवायला दोन घरांनी एकत्र बसावे लागले असते.

कोंडिबा त्या वेळी पारावरच होता. लोकांनी मला बाँबचे विचारले आणि मी सगळे सांगितले: ठिपके, विमाने, दुसरा हुकूम. कोंडिबा मान हलवत होता. पन्नाशीचा, लांब मानेचा, बारीक डोळ्यांचा माणूस. इतक्या वर्षांत त्याच्या कामाची कुणी अशी कदर केली नसावी.

"म्हंजे त्यांच्याकडं बी बुरूज हायत," तो म्हणाला.

"आहेत."

"आन् त्यांनला बी ठिपके दिसतेत."

"दिसतात."

"दिसायलाच पायजेत," कोंडिबा म्हणाला आणि उठून गेला.

घरी मामींनी जेवायला वाढताना मला सांगितले, "खरं तर सुभी तुलाच द्यायची होती. पण तुझे मामा म्हनले, जो माणूस कडी लावली का न्हाई ते सारखं उठून पाहतो, त्याच्यासंगं पोरीला झोप कशी लागंल?"

"मी इथंच बसले, आई," सुभद्रा म्हणाली. "आन् ते बी इथंच हायत."

"मंग मी काय खोटं बोलून राह्यले का?"

सुभद्रा मला भाऊ वगैरे म्हणत नाही, 'ओ बाँबवाले' म्हणते. हे नाव तिने त्याच संध्याकाळी पाडले. तिने मला हळूच सांगितले की धावड्याच्या मुलाला तिने जत्रेत पाहिले आहे आणि तिची हरकत नाही, पण हे घरात कुणाला सांगू नये. "दोन ठिकाणची बोलणी मोडली," ती म्हणाली. "एकदा पाटलांनी कायतरी सांगितलं म्हणून, एकदा बाबांनी पाटलांनला न बोलवल्यामुळं. हे मोडलं तर गावात पुन्हा कुणी गाडी जुंपून यायचं न्हाई." हसत बोलली, पण ताटातली भाकरी तशीच होती.

शनिवारची सकाळ. पाहुणे दुपारी येणार होते. अंगणात रांगोळी, ओट्यावर सारवण, बाजेवर पापड; कपडे वाळवायला जागा उरली नव्हती. म्हणून मामींनी मामांची धुतलेली दोन नवी धोतरे आणि पाहुण्यांच्या बैठकीवरच्या चादरी बुरुजाच्या भिंतीवरून खाली सोडून वाळत घातल्या. सगळे पांढरेशुभ्र. मी स्वतः एका चादरीचे टोक धरले होते. वारा चांगला होता, लवकर वाळतील असे मीच म्हणालो.

टेकडीवरच्या धावड्याच्या राखण्याला ते निशाण दिसले. दिसायलाच पाहिजे होते, एवढे मोठे निशाण रझाकारांच्या काळातही कुणी लावले नव्हते. त्याने आपले लावले. इकडे कोंडिबा न्याहारी करून बुरुजावर चढला. धोतरांकडे त्याने पाहिले नाही, कारण ती त्याच्या पायाखाली बाहेरच्या अंगाने लोंबत होती. त्याने टेकडीवरचे पांढरे फडके पाहिले. त्याच्या मागे धूरही दिसत होता. एप्रिलात शेतकरी ज्वारीची धसकटे जाळतात, धूर कुठे ना कुठे असतोच. पण निशाण आणि धूर दोन्ही एकत्र, हे कोंडिबाने दहा वर्षांत पाहिले नव्हते. त्याने कडबा पेटवला.

आमच्या गावात जी धांदल उडाली तिचे वर्णन करणार नाही. एवढेच सांगतो की बायामुलांना गढीत न्यायचे होते आणि गढीला छप्पर नव्हते. तरणे गडी गोफणी घेऊन वेशीवर जमले. कोण येतंय हे कुणालाच माहीत नव्हते, पण येतंय यावर एकमत होते. एकजण म्हणाला रशिया. दुसरा म्हणाला, रशिया भोकरदनवरून येईल, धावड्याकडून कशाला? हा मुद्दा लोकांना पटला आणि ते आणखी घाबरले.

"पाहुणेच असतील," सुभद्रा म्हणाली.

"पाव्हणे दुपारी येनार हायत," मामी म्हणाल्या.

मग रस्त्यावर धुरळा दिसला. मोठा आणि जोरात येणारा. कोंडिबा वरून ओरडला, "गाड्या हायत! मानसं उभी हायत गाड्यांत! काठ्या हायत हातात!"

"पाव्हणे असे बैल मारत येत न्हाईत," मामा म्हणाले आणि घरात जाऊन नगाऱ्याच्या टिपऱ्या काढून आणल्या.

धावड्याकडे काय झाले ते नंतर कळले, पण इथेच सांगतो म्हणजे कुणाचा गोंधळ नको. टेकडीवर निशाण लागले तेव्हा पाहुणे गाड्या-बैल सजवतच होते. ज्या गावाशी सोयरीक करायची ते गाव संकटात, म्हणून मुलाचा बाप बापूराव याने दुपारची वाट न पाहता दहा-बारा गडी काठ्यांसकट गाड्यांत घातले. वाटेत त्यांना आमचा धूर दिसला आणि त्यांनी बैलांना चाबूक ओढला. म्हणजे ते आम्हाला वाचवायला येत होते, आणि आम्ही त्यांची डोकी फोडायला उभे होतो.

मामा टिपऱ्या घेऊन दारात थांबले. "दिगू, पाटलाला म्हणावं, किल्ली घेऊन ये."

मी धावत गेलो. पाटील आपल्या ओसरीवर किल्ली मुठीत धरून उभेच होते. तोंड देवळाकडे.

"त्याला म्हणावं, टिपऱ्या इथं आणून दे. पाटलानं कुणाच्या दारात जायाचं?"

मी परत आलो. मामा म्हणाले, "बांध त्यानं कोरला. यायचं त्यानं." मी परत गेलो. पाटील म्हणाले, "कोण म्हणतं बांध मी कोरला? नेमकं काय म्हनला तो?" मी शब्द न बदलता सांगितले. माझी सवयच तशी आहे, निरोपात मी आपले घालत नाही आणि त्यातले गाळत नाही. पाटलांनी उलट निरोप दिला. त्यात मामांच्या वडिलांचा उल्लेख होता. तो मी नेला. वर्तमानपत्रात मी वाचले होते की मोठी राष्ट्रे शस्त्रे कमी करण्याच्या बोलण्यात 'आधी तुम्ही' म्हणतात. आता मला ते समजले. फक्त त्यांच्या मधल्या माणसाला इतके धावावे लागत नसेल.

कोंडिबा ओरडला, "जल्दी करा! ओढा वलांडला!"

शेवटी पाटलांनीच माघार घेतली. किल्ली माझ्या हातावर ठेवली. "गावापेक्षा बांध मोठा न्हाई. जा. तूच उघड, त्याच्याकडून टिपऱ्या घे आन् वाजव." मी मामांकडे आलो. मामांनी पाटलांची माघार ऐकली, मिशीवरून हात फिरवला आणि टिपऱ्या माझ्या दुसऱ्या हातात दिल्या. "वाजव. मी वेशीवर जातो."

असा मी देवळाच्या आवारात नगाऱ्याच्या खोलीसमोर उभा राहिलो. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात टिपऱ्या. पंचांनी जी दोन माणसांत वाटून ठेवली होती ती गोष्ट आता पुरी माझ्याकडे होती, आणि मला तर कडी लावली की नाही याचीही खात्री नसते. वेशीवरून लोक ओरडत होते, "वाजव, वाजव!" गोफणी फिरायला लागल्या होत्या. त्यांचा आवाज इथवर येत होता, एखाद्या मोठ्या भुंग्यासारखा. सुभद्रा माझ्यामागे धावत आली होती.

"बैलांच्या शिंगांना गोंडे हायत," ती म्हणाली. "मी माळवदावरनं पाह्यलं. लढायला कुणी गोंडे बांधून येतं का?"

"तुला नक्की दिसले?"

"दिसले."

"की दिसावेत असं वाटलं?"

ती म्हणाली, "आता ते पाहत बसायचं का? ती मानसं वेशीपाशी मरतील."

मला खरेच माहीत नव्हते. गोंडे असतील, नसतील. रझाकार नव्हते हे नक्की, पण दरोडेखोर असू शकत होते. मी दार उघडले नाही आणि टिपऱ्या टाकूनही दिल्या नाहीत. मी सुभद्रेला म्हणालो, "ही किल्ली पाटलांना दे. त्यांना सांग, दिगंबर वाजवणार नाही. नियम दोघांचा आहे. दोघांनी इथं यावं, एकमेकांसमोर उभं राहावं आणि वाजवावं." आणि टिपऱ्या घेऊन मी वेशीकडे मामांना गाठायला धावलो.

मामांनी मला जी शिवी दिली ती छापण्यासारखी नाही. पण टिपऱ्या घेतल्या आणि देवळाकडे निघाले. समोरून पाटील आले. दोघे कुलुपासमोर थांबले. नियमाप्रमाणे आता एकाने म्हणायचे, "वाजवायचा का?" आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचे. आधी कोण बोलणार, यावर सगळे अडले. दोघेही कुलुपाकडे बघत राहिले. मी त्यांच्या बाजूला उभा होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला दोन माणसांचा हट्ट आवडला.

तेवढ्यात वेशीवरचा आवाज बदलला. गाड्या थांबल्या होत्या. बापूराव गाडीत उभा राहून दोन्ही हात वर करून ओरडत होता, "अरे, कुठं हायत? कुनाला मारायचं?" आणि आमचे गडी फिरत्या गोफणी हळूहळू थांबवत त्याला विचारत होते, "तुमीच सांगा की!"

गोंडे होते. लाल-पिवळे.

पाहुण्यांना बैठकीवर बसवायला चादरी हव्या होत्या, म्हणून मामी त्या काढायला बुरुजाकडे गेल्या, आणि तेव्हा सगळ्या गावाने ते निशाण पाहिले. मामांची दोन धोतरे वाऱ्यावर ऐटीत फडफडत होती. कोंडिबा म्हणाला, "मला वरनं कसं दिसनार?"

गूळपाणी घेतल्यावर बापूराव बोलला, सुभद्रेला काही न विचारताच. "पोरगी पसंत हाय. ज्या गावाच्या हाकेला धावलो त्याला न्हाई कसं म्हनू? पन माझं पोरगं सासरवाडीला येनार, सनावाराला येनार. दर बारीला कुनाच्या धोतरावर त्याचा जीव टांगायचा? धोका टळल्याची खूण ठरवा. दोन्ही गावांची एकच. ती ठरंस्तवर सुपारी फुटनार न्हाई."

मामांनी पाटलांकडे पाहिले नाही. पाटील दारापाशी उभे होते, बोलावल्याशिवाय आले होते. सुभद्रा आतल्या दारात होती. तिचा हात चौकटीवर घट्ट होता.

"पाटील," मामा म्हणाले, छताकडे बघत. "लाल चालंल का?"

बैल दावणीला फुरफुरले.

"चालंल," पाटील म्हणाले. "पन मोठं पायजे. कोंडिबाला दिसंल असं."

सुपारी फुटली. मामींनी पुरणपोळ्या वाढल्या, त्या थंड झाल्या होत्या. बापूरावचे काठीवाले गडी आणि आमचे गोफणवाले गडी एकाच पंगतीला बसले आणि कुणाचा नेम चांगला यावर भांडले. पाटलांनी पोळी खाल्ली, मामांशी दुसरे वाक्य बोलले नाहीत. बांधाचे भांडण जिथे होते तिथे आहे, तो प्रवासाचा विषय नाही.

रविवारी निघालो. परतीचा खर्च थोडा कमी आला, कारण मामांनी भोकरदनपर्यंत आपली गाडी दिली. ज्यांना जायचे त्यांनी पावसाळ्यात जाऊ नये, गाडी चिखलात रुतते. हिवाळ्यात जावे. पाहुणचार चांगला आहे, वेशीतून मात्र सावकाश शिरावे आणि गाडीत उभे राहू नये.

जालन्यात वाचनालयात गेलो. अमेरिका म्हणत होती काळजी नको, रशिया म्हणत होता आहे. मी ती बातमी पुन्हा वाचली, दुसऱ्या हुकमाची. हुकूम कोण देणार ते तिथे लिहिलेले नव्हते. दोघांनी मिळून द्यायचा की एकाने, आणि ते दोघे एकमेकांसमोर उभे राहतात का, हेही नाही. घाईच्या वेळी एक शहाणा माणूस म्हणतो, 'गावापेक्षा बांध मोठा नाही', दुसरा माघार ऐकून खुश होतो, आणि सगळे मिळून किल्ली आणि टिपऱ्या जवळ उभ्या असलेल्या भल्या माणसाच्या हातात देतात. माझ्या हातांत दोन्ही होत्या तेव्हा कुणीही वाईट वागत नव्हते. तेच मला सारखे आठवते.

घरी आईने पाय धुवायला पाणी दिले आणि विचारले, "जमलं का सुभीचं?"

"जमलं."

"काय अडचण न्हाई ना आली?"

मी तिला सगळे सांगितले. तिने भाकरी थापता थापता ऐकले. मी किल्ली परत दिली तिथे ती थांबली.

"आन् त्या दोघांनी येऊन वाजवला असता तर?"

आईने भाकरी तव्यावर टाकली, आणि आम्ही दोघे ती फुगायची वाट पाहत बसलो.